पुण्याची नोकरी, भावाशी अबोला आणि प्रभूचं मेज

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ चौतीस वर्षांचे, नागपूरचे, बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला. पुण्याहून बऱ्या पगाराची नोकरी चालून आली आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. नागपुरातल्या सदर भागातल्या त्यांच्या घरात थोरला भाऊ राहतो. "अर्धा हिस्सा माझा" असं यांनी म्हटल्यापासून दोघांचं बोलणं बंद आहे, पण दोघं येतात एकाच चर्चमध्ये. आई यांच्याकडे असते, तिला पक्षाघात झाला आहे. बहीण लग्न होऊन अमरावतीला असते. प्रार्थनासभेत कोणीतरी यांना सांगितलं की तुमच्या आज्ञाभंगामुळे आई बरी होत नाही. तेव्हापासून हे प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस देतात त्या प्रभूच्या मेजाशी, पुढे जात नाहीत. विचारतात, "पुण्याला जावं ही देवाची इच्छा आहे की नाही, हे ओळखायचं कसं? आणि ते कळेपर्यंत मी मेजापासून लांब राहतो, हे बरोबर आहे का?"

भाऊ, सलाम. पाळक (पास्टर) म्हणून माझी उमर याच शहरात गेली, त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही. पण पत्रातली एक गोष्ट आधी बाजूला काढायला हवी. ते ओझं डोक्यावर असताना पुढचं काही ऐकू येणार नाही.

तुमच्या आज्ञाभंगामुळे आई बरी होत नाही, असं म्हणायचा अधिकार कोणालाही नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. प्रेषित पौलाने देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, म्हणून त्याला कोणी आज्ञाभंग करणारा ठरवलं नाही. आपल्या गावचंच बघा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, शाळा काढली, लोकांची भाषा शिकले, इथल्या दगडांत जीवाश्म शोधले, आयुष्य या मातीत घातलं. ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटाहून बोरीकडे परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. तुम्ही रोज कामाला जाता त्याच टापूत. पन्नाशीही गाठली नव्हती. शेवट वाईट झाला म्हणजे देवाची मर्जी नव्हती, हा हिशेब लावला तर हिस्लॉपही नापास होतील, आणि खुद्द वधस्तंभाचंही काही उत्तर उरणार नाही.

पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो किंवा तिथे रक्तस्राव झालेला असतो. रक्तदाबाची गोळी चुकवू नका, फिजिओथेरपी सोडू नका, मंडळीतल्या (चर्चमधल्या) वडीलधाऱ्यांना बोलावून आईसाठी प्रार्थना करून घ्या. पण आईच्या हातात किती बळ परत आलं यावरून स्वतःचा विश्वास मोजू नका. त्या बिचारीवरही तो अन्याय आहे.

आता मूळ प्रश्न. वर मी तो आटोपून मांडला आहे. तुमच्या पत्रात पुण्याच्या नोकरीवर पानभर मजकूर आहे: पगार, घरभाडं, आईला तिथला डॉक्टर मिळेल का, कंपनीचं नाव कसं आहे, कुठली वचनं तुम्हाला मिळाली, कुठली स्वप्नं पडली. भावाबद्दल एकच ओळ आहे. बहिणीचं नाव आईला भेटायला कोण येतं यापुरतंच आलं आहे. माझं सगळं उत्तर या असमान वाटणीबद्दल आहे. जिथे देवाची इच्छा तुम्हाला ठाऊक नाही तिथे तुम्ही रात्ररात्र जागत आहात. जिथे ती स्पष्ट सांगून ठेवली आहे, तिथे एका ओळीत पुढे निघून गेला आहात. आणि मेजाचा संबंध आहे तो त्या एका ओळीशी.

पवित्र शास्त्रात देवाची इच्छा कुठे कुठे उघड सांगितली आहे ते पाहा. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की तुमचं पवित्रीकरण व्हावं ही देवाची इच्छा आहे. त्याच पत्राच्या शेवटी म्हणतो, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, हीच देवाची इच्छा आहे. मीखा संदेष्टा तर तीनच गोष्टी सांगतो: न्यायाने वाग, दयेची आवड धर, तुझ्या देवासमोर नम्रपणे चाल. यात गावाचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही, सोयरिकीचं नाव नाही. हे सगळं नागपुरात राहून करता येतं, पुण्यात राहूनही. येशूचं एक वाक्य मला यापुढचं वाटतं, योहान ७:१७ मधलं. जो कोणी देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार आहे त्याला शिकवणीबद्दल समजून येईल, असं तो म्हणतो. म्हणजे आधी तयारी, मग समज. आपण नेमकं उलट मागतो: प्रभू, आधी सगळं दाखव, मग बघतो. पुण्याचं उत्तर अंधुक राहण्यामागे हे एक कारण असू शकतं. जे उत्तर हातात आहे त्याच्याकडे पाठ करून आपण दुसऱ्या उत्तरासाठी आभाळाकडे बघत बसतो.

आज्ञाधारक म्हटलं की आपल्या लोकांपुढे मान खाली घालून गप्प उभा असलेला माणूस येतो. पकडला जाण्याच्या रात्रीचा, गेथशेमाने बागेतला येशू तसा नाही. तो जमिनीवर पडून मागतो. अब्बा, बापा, तुला सगळं शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. एकदा मागून उठत नाही, परत जातो, तेच शब्द पुन्हा बोलतो. आणि मग, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मागणं आणि मानणं दोन्ही एकाच प्रार्थनेत आहेत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर असं म्हटलं आहे की तो पुत्र असूनही जे दुःख त्याने सोसलं त्यातून आज्ञापालन शिकला. पुत्रालाही ते शिकावं लागलं. तेव्हा पुण्याची नोकरी मनापासून हवी असेल तर देवाला सरळ सांगा, "मला ही हवी आहे." लपवून, फार पवित्र शब्दांत गुंडाळून सांगू नका. तो बाप आहे.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो, कारण हे उत्तर तुमच्याखेरीज इतरही वाचतील. येशूने स्वतःहून बापाची इच्छा पत्करली. याचा आधार घेऊन दुसऱ्या कोणाला दाबायचं नसतं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, देवाची इच्छा आहे" म्हणणारा पाळक देवाचं नाव व्यर्थ घेतो. मुलीला न विचारता सोयरीक ठरवून "प्रार्थनेत उत्तर मिळालं" म्हणणारे आईबाप, हिशेब मागणाऱ्या सभासदाला आज्ञाभंग करणारा ठरवणारी कमिटी, यांच्यासाठी येशूचा शिष्य पेत्र याचं वाक्य प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेलं आहे: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. तुमच्या प्रार्थनासभेत जे बोललं गेलं तेही याच जातीचं आहे. देवाची इच्छा माणूस स्वतःपुरती खांद्यावर घेतो. दुसऱ्याच्या पाठीवर ती ओढायची नसते.

आता मेजाकडे येऊ. बागेतली ती प्रार्थना भाकर मोडून दिल्यानंतरची आहे, त्याच रात्रीची. मेजाभोवती कोण होतं ते शुभवर्तमान लिहिणारा लूक लपवत नाही. आपल्यात मोठा कोण यावर शिष्यांचा वाद झाला तो तिथेच, त्या मेजापाशीच. पेत्र कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारणार होता. बाकीचे पळून जाणार होते. धरून देणाऱ्याचा हातही माझ्याबरोबर मेजावर आहे, असं येशू म्हणतो. या माणसांच्या हातांवर त्याने भाकर ठेवली. आधी आज्ञा पूर्ण पाळा आणि मग मेजाशी या, असा नियम असता तर त्या रात्री एकालाही तुकडा मिळाला नसता.

मग प्रभुभोजन आहे तरी कशासाठी? शोमरोनातल्या विहिरीजवळ शिष्य येशूला म्हणतात, गुरुजी, जेवा. तो म्हणतो, ज्याने मला पाठवलं त्याच्या इच्छेप्रमाणे करावं आणि त्याचं कार्य सिद्धीस न्यावं हेच माझं अन्न आहे. तो ज्या अन्नावर जगला तेच त्या भाकरीत आपल्याला देतो. त्याने बापाची इच्छा शेवटपर्यंत मानली, त्याची देह-रक्ताची किंमत दिली, आणि त्या मानण्यात आपल्याला वाटेकरी केलं. आपण जातो ते आज्ञा पाळायचं बळ आपल्यात नाही म्हणून. उपाशी माणसाने "आधी अंगात ताकद येऊ दे, मग जेवतो" म्हणावं, तसं तुमचं चाललं आहे.

तुम्ही लगेच पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाकडे बोट दाखवाल, मला माहीत आहे. जो कोणी अयोग्य प्रकारे भाकर खाईल किंवा प्याला पिईल तो दोषी ठरेल. मराठी मंडळ्यांत जितकी माणसं या एका वचनाने मेजापासून दूर बसवली तितकी दुसऱ्या कशाने बसवली नसतील. कृपा करून सतराव्या ओवीपासून अध्याय संपेपर्यंत एका बैठकीत वाचा. करिंथमध्ये काय चाललं होतं ते तिथेच लिहिलं आहे. जो तो आपापलं जेवण आधी उरकत होता. एक उपाशी, दुसरा पिऊन धुंद. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवलं जात होतं. पौल संतापला आहे तो यावर. कोणाच्या मनात शंका आहे, कोणाला नोकरीबद्दल उत्तर मिळालेलं नाही, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. आणि उपाय काय सांगतो? माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. परीक्षा करून घरी जावं असं तो म्हणत नाही. शेवटी म्हणतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

म्हणून अयोग्यपण शोधायचं असेल तर पुण्याच्या पत्रात शोधू नका. ते दोन बाक पुढे बसलेल्या तुमच्या भावाच्या पाठीकडे बघताना सापडेल.

मेजामागे उभं राहिल्यावर पाळकाला जे दिसतं ते बाकावरून दिसत नाही. लोक कठड्याशी गुडघे टेकतात तेव्हा आधी चेहरे दिसत नाहीत, हात दिसतात. डाव्या तळव्यावर उजवा ठेवलेला. एकाच्या नखांत वर्कशॉपचं ग्रीस, शेजारी लग्नाची मेंदी, त्यापुढे सलाईनच्या सुईने काळानिळा झालेला हात. प्रत्येकावर सारखाच तुकडा. आणि कोण कोणाशेजारी टेकायचं टाळतो तेही दिसतं. एक जण उठतो, पुढे कोण चाललं आहे ते बघतो, पुन्हा बसतो आणि पुढच्या खेपेला येतो. जावा-जावा, भाऊ-भाऊ, पास्टोरेट कमिटीच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले. आपण पापांगीकार मोठ्याने म्हणतो, क्षमेची घोषणा ऐकतो, एकमेकांना शांती देतो, आणि शांती देतानाही दोन माणसं अचूक वगळतो.

आमच्याकडे द्राक्षारसासाठी मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळतात. शनिवारचं काम. एका शनिवारी मंडळीतल्या एक वयस्क बाई फडकं पिळत होत्या. घरच्या एका लग्नातल्या मानपानावरून त्यांचं जावेशी बिनसलं होतं, ते साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. पिळता पिळता मध्येच थांबल्या, हात धुतले, "हे एवढं झाकून ठेवा, मी आलेच," म्हणून निघून गेल्या. तासाभराने परतल्या. चेहरा रडून सुजलेला होता. काही न बोलता उरलेलं फडकं पिळलं, बरणी भरली, ओटा पुसला. जाऊ काय म्हणाली ते मी विचारलं नाही, आजही मला ठाऊक नाही. पण मत्तय ५:२३-२४ वर प्रवचन करायची वेळ आली की मला तो ओटा दिसतो.

त्या ओव्यांत येशू तीन गोष्टी करायला सांगतो. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. तुम्ही पहिली केली: मेज सोडलं. दुसरी केली नाही. तिसरीचा प्रश्न म्हणून येतच नाही. एखाद्या रविवारी पुढे न जाता तडक भावाच्या दारी गेला असता तर मी म्हटलं असतं, शाब्बास, हेच वचन आहे. पण भावाच्या दारी न जाता महिनोन्महिने मेज टाळणं हे आज्ञापालन नव्हे. ते सोयीचं होऊन बसतं. स्वतःला शिक्षा करून घेतली की समेटाचं काम केल्यासारखं वाटायला लागतं.

मेज आणि माणसांतलं अंतर यांचा हा संबंध आपल्या लोकांना कोणी नव्याने शिकवायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधली वर्षं त्या माउलीने काय सोसलं ते मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण बाप्तिस्म्याआधीच लक्ष्मीबाईंनी एक गोष्ट मनाशी ठरवून टाकली होती. जात देवाने केलेली नाही, तेव्हा इथून पुढे कोणाच्याही हातचं खाईन-पिईन. ज्या बाईने सोवळं जन्मभर पाळलं तिने हे ठरवणं म्हणजे काय, याचा विचार करा. सिद्धान्त, बाप्तिस्मा, सभासदत्व सगळं नंतर आलं. आज्ञापालन सुरू झालं ते पाण्याच्या भांड्यापासून. आजही आमच्या मंडळ्यांत सोयरीक म्हटली की मूळची जात विचारली जाते, हे मी दुःखाने लिहितो. एकाच प्याल्यातून पिऊन बाहेर पडायचं आणि पायरीवर ही चौकशी करायची, हे पौलाने करिंथला लिहिलं त्याहून वेगळं नाही.

आता तुमच्या घराकडे वळतो. हे पाळकाचं काम नाही असं तुम्हाला वाटेल, पण न्यायाने वाग हे मीखाचं वचन मी वर दिलं आहे आणि ते कागदावर उतरल्याशिवाय खरं होत नाही. तुम्ही लिहिता, "अर्धा हिस्सा माझा." ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ठरतो. घर वडिलांच्या स्वतःच्या मालकीचं असेल तर विधवेला एक तृतीयांश मिळतो. उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे वाटले जातात, आणि मुलगी-मुलगा असा भेद नाही, लग्न झालेली असो वा नसो. तुमच्या घरात आई, दोन भाऊ, एक बहीण. म्हणजे आईचा तिसरा हिस्सा, आणि तुम्हा तिघा भावंडांचे प्रत्येकी दोन नवमांश. वकिलाला कागद दाखवून खात्री करून घ्या. पण "अर्धा" हा आकडा कुठून आला ते आधी स्वतःला विचारा. थोरला सगळं घर धरून बसला म्हणून तुम्ही त्याच्यावर रागावलात. तुम्ही जे अर्धं मागितलं, त्यात अमरावतीच्या बहिणीचं आणि अंथरुणावरच्या आईचंही होतं. त्या दोघींना कोणी विचारलं का?

हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. उलट यातच तुमची सुटका आहे. आता भावाकडे जाताना "तू माझं खाल्लंस" असं म्हणत जायची गरज उरली नाही. "दादा, आपण दोघांनीही आईचा आणि ताईचा विचार केला नाही" असं म्हणत जाता येईल. या वाक्यात तुम्ही दोघं एका बाजूला येता.

कसं जायचं तेही सांगतो, कारण चांगल्या हेतूने गेलेली माणसं पहिल्या पाच मिनिटांत बिघडवून येतात. व्हॉट्सॲपवर लांब मेसेज पाठवू नका, तो घरभर वाचला जातो आणि प्रत्येक शब्दाचा कीस निघतो. स्वतः जा, एकटे जा, जेवणाची वेळ सोडून जा. वचनं म्हणून दाखवू नका, त्यालाही ती पाठ आहेत. पहिल्या भेटीत हिश्शाचा विषय काढू नका. तुमच्याकडून जे चुकलं तेवढंच सांगा, त्याला "पण" जोडू नका. बाबा गेल्यावर तुम्ही काय बोललात ते तुम्हाला आठवत असेल, त्याला तर नक्की आठवतं. वहिनींशीही बोला. अशा भांडणात घरातल्या बाईला दोन्हीकडून बोल बसलेले असतात आणि समेटाच्या वेळी तिला कोणी मोजत नाही. चहा दिला तर घ्या. कागदपत्रांचं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, बहिणीला बरोबर घेऊन, आणि लागलं तर दोघांना मान्य असा एक वडीलधारा मध्ये ठेवून करा. मंडळीतला नको. मंडळीत पक्ष पडतात.

भावाने दार लावून घेतलं तर? पौल रोमकरांना लिहितो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांबरोबर शांतीने राहा. "तुमच्याकडून होईल तितकं" हे पौलाने उगाच लिहिलेलं नाही. तुम्ही गेलात, खरं बोललात, न्यायाची तयारी दाखवलीत, आणि तो नाही म्हणाला, तर तुमचं अर्पण अडून राहत नाही. त्याच रविवारी पुढे या. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करा आणि काही दिवसांनी पुन्हा जा. तुम्ही कॅथलिक पंथाचे असता तर मी आधी फादरांकडे जाऊन पापनिवेदन करा असं सांगितलं असतं, कारण त्यांची शिस्त तशी आहे आणि ती गंभीरपणे घ्यायची असते. तुमच्या मंडळीत पापांगीकार सर्वांचा मिळून होतो, तरी मनावर फार दडपण असेल तर पाळकांना एकांतात भेटायला कोणतीही आडकाठी नाही. आपले लोक ही वाट फार कमी वापरतात.

राहिली पुण्याची गोष्ट. यावर मी थोडक्यात लिहितो, कारण ती खरोखर तुलनेने सोपी आहे. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते उत्तर मानायचं, हे बंद करा. जुन्या करारातल्या गिदोनाने देवाकडे खूण मागायला लोकर पसरली ती विश्वास डगमगला होता म्हणून, आणि देवाने त्याला सांभाळून घेतलं. तिचा नियम करू नका. पौलाकडे बघा. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात तो तेव्हाच्या आशिया प्रांतात जायला निघतो, पवित्र आत्मा अडवतो. बिथुनियाकडे वळतो, तिथेही वाट बंद. मग त्रोवसात रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. तो चालत होता म्हणून वळवला गेला. आणि दृष्टान्तानंतरही सोबत्यांनी मिळून त्यातून अनुमान काढलं, एकट्याने नाही. तुमच्याकडे काय आहे? आईची गरज, तिचं स्वतःचं मत, बायको-मुलांचं मत, पुण्यात मंडळी आणि उपचार मिळण्याची सोय, आणि तुमचा हेतू. आई बोलू शकत असेल तर तिला विचारलंत का, हेही तुमच्या पत्रात नाही. हे सगळं समोर ठेवून, एक-दोन अनुभवी माणसांशी बोलून, प्रार्थनेने निर्णय घ्या. याकोब म्हणतो तसं म्हणा, प्रभूची इच्छा असेल तर आम्ही जगू आणि हे किंवा ते करू. दोन्ही वाटा न्यायाच्या असतील तर देव तुम्हाला त्यातली एक निवडायला मोकळं सोडतो. तो चुकीच्या दारामागे काठी घेऊन उभा नाही. मी मात्र एक अट घालीन. भावाकडे जायच्या आधी राजीनामा देऊ नका. पुण्याला निघून गेल्यावर तो अबोला कायमचा होतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

उत्तर लवकर मिळालं नाही म्हणून खचू नका. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा निरनिराळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्याची बोलणी लखनौला १९२९ मध्ये सुरू झाली होती. एकेचाळीस वर्षं! आपण सर्वांनी एक व्हावं ही प्रभूची इच्छा योहानाच्या सतराव्या अध्यायात उघड लिहिलेली होती, त्याबद्दल कोणाला शंका नव्हती. बिशप असावेत का, लहान मुलांचा बाप्तिस्मा करावा का, यावर मात्र भल्या, देवभीरू माणसांची मतं जुळत नव्हती. शेवटी बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य करून ते एका मेजाशी आले. एक मोठी मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली, आणि त्यांनाही आपण भाऊच म्हणतो. ज्या माणसांनी आयुष्यभर ही बोलणी केली त्यातले कितीतरी तो दिवस बघायला उरले नाहीत. जे स्पष्ट होतं ते त्यांनी धरून ठेवलं, जे अस्पष्ट होतं त्यावर ते बोलत राहिले.

बऱ्याच मराठी मंडळ्यांत प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. तुमच्याकडेही तसंच असेल तर त्याआधीच्या आठवड्यात भावाकडे जाऊन या. आणि आईला चर्चमध्ये येता येत नसेल तर पाळकांना सांगून ठेवा, प्रभुभोजन घरी आणता येतं. गिळायला त्रास होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. भाकरीचा अगदी लहान तुकडा रसात भिजवून देता येतो, तेही पाळकांना कळवा. त्या दिवशी थोरल्यालाही बोलावता आलं तर बोलवा.